गवताची पुडी आणि बडोद्याचे तीन दिवस

बडोद्याला जाऊन आलेला माणूस राजवाड्याबद्दल सांगतो. मी तीन दिवस राहून आले आणि राजवाडा पाहिला तो स्कूटरच्या मागच्या सीटवरून, एक डोळा उघडून. दुसरा भीतीने मिटलेला होता. त्यामुळे वाडा केवढा, खोल्या किती, हे मला विचारू नका. कुठल्या रस्त्यावर माझे हातपाय गार पडले, ते मात्र गल्लीवार सांगते.

मी मुळातच भित्री. पालीला भीत नाही, सापाला तर मुळीच नाही, माणसांना भिते. त्यातही टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसांना. कराडच्या एका कॉलेजात पंधरा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतेय. शंभर पोरांपुढे माझा आवाज खणखणीत असतो, पण प्राचार्यांच्या केबिनचं दार ढकललं की तोच आवाज कुठे जातो, देव जाणे. पंधरा वर्षांत मी सहायक प्राध्यापकच राहिले. माझ्या मागून लागलेले दोघे सर पुढे सरकले. दर वर्षी फाइल काढायची, झटकायची आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत परत कपाटात ठेवायची, असा माझा क्रम होता.

तो मोडला बाईंच्या फोनने. बाई म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाईड, डॉ. विमल फणसे. मूळच्या बडोद्याच्या; घराणं जुन्या संस्थानच्या नोकरीतलं. नोकरी सगळी कोल्हापुरात केली आणि निवृत्त झाल्यावर बडोद्याला भावाच्या शेजारी फ्लॅट घेऊन राहिल्या.

"इथल्या एका संस्थेत सहयोगी प्राध्यापकाची जागा निघालीय. शुक्रवारपर्यंत अर्ज टाक."

"बाई, पण मुलगी अकरावीत आहे, आणि..."

"मी विचारत नाहीये सुजाता. सांगतेय."

टाकला. बाईंना नाही म्हणायची हिंमत सत्ताविसाव्या वर्षी नव्हती, चव्वेचाळिसाव्या वर्षी कुठून येणार! मुलाखतीचं पत्र आलं आणि त्यातली शेवटची ओळ वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. 'उमेदवाराच्या संशोधनातील मूळ नमुने समितीसमोर ठेवले जातील.' संस्थेचं नाव मी लिहीत नाही, पण बाईंनी निवृत्तीनंतर आपला सगळा वनस्पतिसंग्रह तिलाच देऊन टाकला होता. म्हणजे माझी गवतंही तिथेच होती.

ही भीती नीट समजावी म्हणून आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. आम्ही रानातून झाड आणतो, दाबून वाळवतो, जाड कागदावर चिकटवतो. त्याला शीट म्हणतात. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल असतं: झाडाचं नाव, गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. ज्याचं नाव, त्याचं ते झाड. आमच्या प्रयोगशाळेत मात्र त्या जागी नेहमी गाईडचं नाव लिहायचं. विद्यार्थिनीने शीटच्या मागे, पेन्सिलीने, आपली आद्याक्षरं टाकायची. का, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझ्या नावावर सांगण्यासारखी आयुष्यात एकच गोष्ट आहे. पाटणच्या वरच्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, मला एक वीतभर गवत सापडलं होतं. त्या डोंगरांतून ते आधी कुणी नोंदवलेलंच नव्हतं. त्यावरच्या लेखात पहिलं नाव बाईंचं, दुसरं माझं. आणि शीटवर? शीटवर गोळा करणार म्हणून बाईंचं नाव. माझ्याच अक्षरात!

पहिला दिवस : मांजलपूर

उत्तरायण होऊन चार दिवस झाले होते. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ, हळदीकुंकू, काळी साडी आणि संपलं. बडोद्यात संक्रांत आकाशात होते आणि नंतर आठवडाभर झाडांवर लटकते. स्टेशनबाहेर आले तर प्रत्येक तारेवर, प्रत्येक वडाच्या फांदीवर फाटके पतंग आणि वाऱ्यावर हलणारे मांज्याचे दोरे.

बाई स्कूटर घेऊन उभ्या होत्या. वय बहात्तर. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हँडलला तारेची उंच कमान बसवलेली. मी नमस्कार करायला वाकले तर म्हणाल्या, "ते घरी. आधी मान पुढे कर." त्यांनी पिशवीतून जाड ओढणी काढली आणि माझ्या गळ्याभोवती तीन वेढे दिले.

"हे कशाला, बाई?"

"दोरीने गळा कापतो ना इथे! म्हणून तर ही तार. पण मागे बसणाऱ्याचं काही सांगता येत नाही. चल, बेस ने."

बेस ने, म्हणजे बस ना! बडोद्याला परतल्यापासून बाईंच्या मराठीत गुजराती अशी मिसळली होती की त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. रिक्षावाल्याला गुजरातीत झापायच्या, सिग्नलला हिंदीत पुटपुटायच्या आणि मला मराठीत दम द्यायच्या. मांजलपूरपर्यंतच्या रस्त्यात मी एका हाताने त्यांची कंबर धरली होती आणि दुसऱ्याने स्वतःचा गळा. तो राजवाडा याच प्रवासात डावीकडून की उजवीकडून गेला.

मांजलपूर म्हणजे सोसायट्याच सोसायट्या. प्रत्येक फाटकाशी स्कूटरींची रांग आणि प्रत्येक गॅलरीत झोपाळा. समोरच्या हंसाबेन आमच्या मागोमाग डबा घेऊनच आत आल्या. उंधियुं होतं. आपल्या भोगीच्या भाजीची ही श्रीमंत बहीण; वांगी, कंद, पापडी, मेथीचे मुठिये आणि तेल असं की बोट ठेवलं तर पोहावं. वर जिलेबी. मी कराडहून नेलेले कंदी पेढे पुढे केले, तर हंसाबेननी एक तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघून बाईंना म्हणाल्या, "विमलबेन, आ तो बहु गभराय छे!"

"गभरायचं काय त्यात?" बाई म्हणाल्या. "हंसाबेन, बसा. तुम्ही अध्यक्ष."

मला हे नवीन नव्हतं. कोल्हापुरातही कुठलंही सादरीकरण असलं की बाई आधी तालीम घ्यायच्या. शिपाईमामा, लायब्ररीतल्या बाई, जो सापडेल त्याला समोर बसवायच्या. त्यांचं म्हणणं असं की ज्याला विषय कळत नाही, तोच खरा प्रश्न विचारतो. माझं बोलणं, उभं राहणं, अर्ज भरणं, दौऱ्यावर जाताना वनखात्याच्या साहेबांशी भांडणं, सगळं या बाईने शिकवलं. माझी आई मला शहाणी व्हायला सांगायची. बाईंनी मला मोठ्याने बोलायला सांगितलं. बाई नसत्या तर मी आज पाटणला सासूबाईंच्या हाताखाली पापड लाटत बसले असते, हे मी कुणालाही सांगेन.

हंसाबेन डायनिंग टेबलाच्या पलीकडे बसल्या. टेबल आलंच. मी सुरू केलं, "फणसेबाईंच्या मार्गदर्शनाखाली सह्याद्रीतल्या गवतांचा..." पाच मिनिटं बोलले. हंसाबेननी मान हलवत ऐकलं आणि सरळ विचारलं, "ए तो बधुं बराबर. पण बेन, घास लाव्युं कोण?"

गवत आणलं कोणी?

मी बाईंकडे पाहिलं. बाई माझ्याकडे न बघता पेढ्याचा कागद घडी करत होत्या. घडीची घडी करून तो एवढासा झाला.

"मीच आणलं," मी म्हणाले. पण ते इतकं हळू की हंसाबेननी "हं?" केलं.

बाई उठल्या. "उद्या सकाळी संस्थेत जाऊ," म्हणाल्या, "आधी शीट बघू. मागे पेन्सिलीत तुझी अक्षरं असतील. ती असली की झालं." त्या रात्री मला झोप लागली ती त्या पेन्सिलीच्या भरवशावर.

दुसरा दिवस : हरणीकडे, आणि मग मांडवी

संस्था हरणीच्या बाजूला आहे. आत शिरताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. जगातल्या सगळ्या वनस्पतिसंग्रहांना हाच वास असतो. मला तो माहेरी आल्यासारखा वाटतो.

संग्रह सांभाळणारे रमणभाई निवृत्तीला आलेले, शांत, चष्मा दोरीला बांधलेला. बाईंना बघताच त्यांनी खुर्ची पुसली. माझ्या गवताचं शीट त्यांनी उद्यासाठी वेगळं काढूनच ठेवलं होतं. दोन हातांवर घेऊन, आपण देवाचं ताट आणतो तसं, त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

सतरा वर्षांनी मी ते गवत पाहिलं. पिवळं पडलेलं, पण कुसळं जागच्या जागी. वरच्या कोपऱ्यात कागदाची जुनाट पुडी चिकटवलेली. ही बाईंची कडक शिस्त: गवताचं बी गळतं, म्हणून पुडी केल्याशिवाय गवत घरी आणायचं नाही, कागद नसेल तर पदर फाडा पण पुडी करा! खाली लेबल. गोळा करणार: वि. फणसे. अक्षर माझं, वळणदार, शहाण्या मुलीचं.

"रमणभाई, जरा उलटं करा ना," बाई म्हणाल्या.

त्यांनी उलटलं. मागची बाजू कोरी होती. पांढरी स्वच्छ.

"जूना कागळने तो उधई खाई गई, बेन," रमणभाई म्हणाले. जुना कागद वाळवीने खाल्ला होता. त्यांनी तीन वर्षांपूर्वी सगळी झाडं, लेबलं, पुड्या जपून काढून नव्या कागदांवर चिकटवल्या होत्या. तीनशेच्या वर शीटं. त्यांना त्याचा अभिमान होता आणि असायलाच हवा. पेन्सिलीतली अक्षरं जुन्या कागदाबरोबर गेली.

माझं धाबं दणाणलं. उद्या पाच माणसं हे शीट बघणार आणि विचारणार, यात तुमचं काय? आणि मी काय सांगू? की बाई, माझ्या बाई, त्या दिवशी तिथे नव्हत्याच? त्या कोल्हापुरात गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पडल्या होत्या? ज्या संस्थेत लोक त्यांची खुर्ची पुसतात, तिथे मी हे बोलू?

बाईंनी त्या कोऱ्या कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "रमणभाई, चिठ्ठी द्या."

ही आमच्यातली दुसरी रीत. मूळ लेबल कधीही खोडायचं नाही. नंतर कुणाला चूक सापडली तर त्याने लहान चिठ्ठीवर आपलं म्हणणं लिहायचं, सही करायची, तारीख घालायची आणि ती बाजूला चिकटवायची. चूक आणि दुरुस्ती दोन्ही जन्मभर शेजारी शेजारी राहतात.

"बाई, नको," मी म्हणाले. "राहू द्या. उद्याची मुलाखत आणि आजची तारीख! ते म्हणतील, गाईडला हाताशी धरून लिहून आणलं. आणि तुमचं नाव..."

"गप्प बस!" त्या ओरडल्या. रमणभाई दचकले. मग बाईंनी चष्मा पुसला, पेन घेतलं आणि लिहिलं. 'हा नमुना सुजाता हिने एकटीने गोळा केला. मी हजर नव्हते.'  सही नीट आली नाही, म्हणून त्यांनी दुसरी चिठ्ठी घेतली आणि पुन्हा लिहिलं.

रमणभाईंनी ती चिकटवली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बेन, बाकीनी त्रणसो?"

बाकीची तीनशे? बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पिशवी उचलली.

परतताना त्यांनी स्कूटर मांडवीकडे वळवली. म्हणाल्या, "लीलो चेवडो घेऊ तुझ्या पोरीसाठी, इथला ओला चिवडा." मला कळत होतं की त्यांना घरी जायचं नव्हतं. जुन्या शहरात शिरल्यावर रस्ता आवळत गेला. दोन्हीकडे साड्या, पितळ, फरसाण, बांगड्या. मध्ये म्हैस, रिक्षा आणि आम्ही. मांडवीच्या दरवाज्याच्या अलीकडे काहीतरी टण्णकन वाजलं. तारेच्या कमानीवर मांजा आदळला होता. तो कमानीवरून सरकत वर गेला, बाईंच्या डोक्यावरून, आणि माझ्या ओढणीला घासून तुटला. मी किंचाळले. पूर्ण रस्त्याने वळून पाहिलं. ओढणीचे दोन पदर सुरीने कापावेत तसे कापले गेले होते, तिसरा शाबूत होता.

बाईंनी स्कूटर कडेला घेतली. आम्ही एका फरसाणवाल्याच्या बाकावर बसलो. त्याने न विचारता पाणी दिलं आणि दोन बशा सेव उसळ पुढ्यात ठेवली. आपल्या मिसळीची ही बडोद्याची बहीण, पण तिखट असं की आधीच आलेलं रडू त्यात खपून जावं. बाईंना सोयीचं झालं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मलाही कुणी विचारलं नव्हतं."

"काय, बाई?"

"माझ्या सरांनी माझ्या थीसिसवर सही केली ती सगळ्या लेबलांवर त्यांचं नाव घातल्यावर. मला वाटलं, असंच असतं. मग तू आलीस. मला खरंच वाटायचं गं, माझं नाव असलं की तुझं काम कुणी परत पाठवणार नाही." त्यांनी पाव मोडला. "आणि पाठवलं नाहीच कुणी. पण थोडं बरंही वाटायचं मला, ते नाव बघून. तेही खरंय."

 मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःच्या वळणदार अक्षराचा. मी त्यांच्या बशीत कांदा घातला.

तिसरा दिवस : मुलाखत

सकाळी बाईंनी मला संस्थेच्या फाटकाशी सोडलं आणि स्वतः आवारातल्या वडाखाली थांबल्या. "आत येत नाही. मी आत असले की तू माझ्याकडे बघतेस." ओढणी त्यांनीच माझ्या गळ्यातून सोडवून घेतली. तिचे दोन कापलेले पदर त्यांनी सकाळी टाके घालून शिवले होते.

पाच जण होते. चार सर आणि दक्षिणेकडून आलेल्या एक मॅडम. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते. सुरुवातीची दहा मिनिटं काय बोलले ते आठवत नाही. मग अध्यक्ष सरांनी शीट पुढे ओढलं. त्यांनी लेबल वाचलं. मग चिठ्ठी वाचली. मग चष्मा वर करून तारीख वाचली.

"ही कालची?"

"हो सर."

"मुलाखतीच्या आदल्या दिवशी?"

"हो सर."

ते शेजारच्या सरांकडे बघून हसले, एवढंच.  दुसऱ्या सरांनी विषय बदलल्यासारखं विचारलं, "मिस्टर कराडला? मुलगी अकरावीत? मग इथे कसं जमणार?" चार पुरुष उमेदवार माझ्याआधी आत जाऊन आले होते. त्यांना मिसेसबद्दल विचारलं असेल का, असं मनात आलं. पण तोंडातून निघालं, "जमवू सर."

वाटलं, संपलं. नमस्कार करून उठावं. पंधरा वर्षं जे करत आले तेच.

तेवढ्यात त्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "चिठ्ठी राहू द्या. तो दिवस सांगा. तुम्ही, सडा, आणखी काय होतं?"

मला हंसाबेन आठवल्या. घास लाव्युं कोण? मी टेबलाच्या कडेला हात ठेवला आणि म्हणाले, "मी आणलं." या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मग सांगत गेले. आश्विन नुकताच लागला होता. वरपर्यंत जीप जायची नाही. धुकं एवढं की हातातली काठी दिसेना. वाट चुकले, दोन तास एकाच कातळाला फिरत होते. बरोबर येणारा गुराखी निम्म्यातून परत गेला होता. खणायला खुरपं नव्हतं, तेही त्याच्याकडेच राहिलं. डब्यातल्या चमच्याने खणलं, म्हणून मुळं डावीकडे तुटलीत, बघा. पर्समध्ये पाण्याची बाटली होती, भाकरी होती, आणि दवाखान्याचा कागद...

मी थांबले. 

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"ती पुडी," मी म्हणाले. "कोपऱ्यातली. बी ठेवायला माझ्याकडे कागद नव्हता. ती उघडा."

अध्यक्षांनी शिपाईभाईंकरवी रमणभाईंना बोलावलं. रमणभाईंनी चिमट्याने पुडीच्या घड्या एकेक करून सोडवल्या. आतून कुसळांचं बी टेबलावर सांडलं. कागदाची कोरी बाजू बाहेर होती, लिहिलेली आत. पाटणच्या एका प्रसूतिगृहाची चिठ्ठी. अध्यक्ष सर गुजराती, पण देवनागरी त्यांनी सावकाश मोठ्याने वाचलं. "सौ. सुजाता... वय सत्तावीस... पाचवा महिना." आणि तारीख. लेबलवरच्या तारखेच्या बरोबर आदल्या दिवसाची.

रमणभाईंनी तो कागद लेबलाशेजारी ठेवला.

"पाचव्या महिन्यात एकट्या वर गेलात?" मघाशी मिस्टरांची चौकशी करणारे सर म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता.

"गवत थांबत नाही सर. दिवाळीपर्यंत वाळून जातं."

"आणि गाईडनी जाऊ दिलं?"

"त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं."

 मॅडमनी सांडलेलं बी एका बोटाने गोळा करून परत कागदावर सारलं आणि रमणभाईंना म्हणाल्या, "याची पुडी याच कागदाची करा. दुसरा वापरू नका."

बाहेर आले तेव्हा बाई वडाच्या पारावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. हसत हसत, रडत रडत, एका दमात. त्या हसतील असं वाटलं होतं.

"पाचवा महिना?" त्या म्हणाल्या. "धुक्यात? आणि मला बोलली नाहीस?"

"बाई, माझ्या आधी तुमच्याकडे पीएचडी करत होती त्या मुलीला दिवस गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, घरी जा, बाळ होऊ दे, मग बघू. तुम्ही मायेनेच म्हणालात. पण ती परत आलीच नाही. मला भीती वाटली."

"कुणाची?"

मी खाली बघितलं. "तुमची."

बाईंनी ओढणी उचलली. माझ्या गळ्याभोवती एक वेढा दिला, दुसरा दिला आणि तिसऱ्याला त्यांचे हात तसेच थांबले. मग म्हणाल्या, "चल, तुझी गाडी चुकेल."  फलाटावर खिडकीतून हात घालून म्हणाल्या, "सोमवारपासून रोज जाणार आहे मी रमणभाईंकडे. तीनशे चिठ्ठ्या. ती मुलगी कुठे असते, पत्ता काढ तिचा."

परत कराड

तीन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं, जूनमध्ये रुजू व्हायचं. हो, माझीच निवड झाली! यजमानांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "जून म्हणजे पोरीची बारावी इथे, तू तिथे. बघू, मी आहे." लेकीने लीलो चेवडो संपवून टाकला होता, तिने आणखी मागितला. मला आनंद झाला होता आणि त्याहून जास्त धास्ती वाटत होती. नवं गाव, नवी टेबलं. पण ती धास्ती ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले तर अश्विनी आली. ही माझी पहिली आणि सध्या एकुलती एक पीएचडीची विद्यार्थिनी. पाटणकडच्या एका वाडीतून रोज एसटीने येते, कामाला वाघ आहे. मी जाणार म्हणून ती आपली सगळी शीटं आवरून, गठ्ठा बांधून घेऊन आली होती. माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "मॅडम, एकशे चाळीस झाली. तुमची तुमच्याबरोबर न्या."

माझी?

मी वरचं शीट उलगडलं. सुंदर चिकटवलेलं, कोपऱ्यात पुडी. खाली लेबल. गोळा करणार: माझं नाव. दुसरं काढलं, माझं. दहावं, पन्नासावं. सगळीकडे माझं नाव, तिच्या वळणदार अक्षरात. शीट उलटलं. मागे कोपऱ्यात, पेन्सिलीने, अगदी बारीक: अ. पा.

तिला हे मी कधी शिकवलं नव्हतं. कोल्हापूरहून माझ्याबरोबर आलेली इतर गवतांची चार जुनी शीटं बघून ती शिकली होती. तीन वर्षं माझ्या सहीखालून ही शीटं गेली आणि मी झाडाचं नाव तपासलं, तारीख तपासली. ती एक ओळ मी कधी वाचलीच नाही. की वाचली आणि थोडं बरं वाटलं? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

"अश्विनी, हे सगळं तू आणलंस ना? मग तुझं नाव कुठाय?"

तिचा चेहरा उतरला. बोटं ओढणीच्या टोकाशी गेली. हा चेहरा मी ओळखत होते. टेबलाच्या अलीकडचा होता तो, आणि मी पहिल्यांदाच पलीकडून बघत होते.

"चुकलं का मॅडम?"

"नाही गं. तुझं काही चुकलेलं नाही." मी खुर्ची ओढली आणि टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला येऊन बसले. बाईंसारखा दम द्यायचा नाही, असं ठरवून अगदी हळू विचारलं, "तुला मला आणखी काही सांगायचंय का? जे सांगायचं राहून गेलंय?"

तिने गठ्ठ्याची सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "मॅडम, रागावणार नाही ना?"

मला पुडीतला तो दवाखान्याचा कागद आठवला. मी म्हणाले, "नाही. सांग."